परराष्ट्र खात्यातले तीन पाहुणे

4 नोव्हेंबर 1979 च्या सकाळी अमेरिकेचे तेहरानमधले प्रभारी राजदूत ब्रूस लेंगन दोन सहकाऱ्यांना घेऊन इराणच्या परराष्ट्र खात्यात गेले होते. चर्चेचा विषय होता इराणमध्ये उरलेल्या मोजक्या अमेरिकी लष्करी कर्मचाऱ्यांचा राजनैतिक दर्जा आणि त्यांना मिळायचं संरक्षण. काम आटोपून ते निघतात न निघतात तोच निरोप आला की दूतावासाच्या फाटकावरून विद्यार्थी आत घुसलेत. लेंगन माघारी वळले आणि परराष्ट्र खात्याकडे मदत मागू लागले. मदत आली नाही. मग ते, व्हिक्टर टॉमसेथ आणि सुरक्षा अधिकारी मायकल हाउलंड तिथेच थांबले. एक रात्र झाली, आठवडा झाला, वर्ष उलटलं, तरी तिघे तिथेच. जिथे परदेशी पाहुण्यांची सरबराई व्हायची त्याच दालनांत ते झोपत, जेवत आणि खिडकीतून शहर न्याहाळत. कागदोपत्री ते कैदी नव्हते. पण त्यांना दाराबाहेर सोडण्याची ताकद खुद्द परराष्ट्रमंत्र्यांतही नव्हती.

दूतावासातली माणसं विद्यार्थ्यांनी ओलीस धरली. 52 ओलीस आणि 444 दिवस, हे आकडे या प्रकरणाची ओळखच होऊन बसले आहेत. मला मात्र त्यातले हे तिघे जास्त छळतात. दूतावासातल्यांचं तरी सरळ होतं. डोळ्यांवर पट्टी, हात बांधलेले, समोर बंदूक. हे तिघे सरकारच्या घरात होते, आणि सरकारला त्यांना धड पकडताही येत नव्हतं, धड सोडताही येत नव्हतं. सरकार नावाची चीज शिल्लक आहे की नाही, हाच प्रश्न तिथे रोज नव्याने पडत असावा.

शिवाय तो बैठकीचा विषय. राजनैतिक संरक्षण! इराणच्या मातीत याहून स्फोटक विषय दुसरा नव्हता. 1964 मध्ये इराणचा राजा शाह याच्या सरकारने अमेरिकी लष्करी कर्मचाऱ्यांना इराणी न्यायालयांच्या कक्षेबाहेर काढणारा कायदा केला. म्हणजे त्यांनी गुन्हा केला तरी खटला इराणमध्ये चालणार नाही. त्या कायद्यावर जाहीर तोफ डागणारे धर्मगुरू होते रुहोल्ला खोमेनी. त्या भाषणापायी त्यांना अटक झाली आणि देशाबाहेर काढण्यात आलं. हद्दपारीची तारीख होती 4 नोव्हेंबर 1964. बरोबर 15 वर्षांनी, त्याच तारखेला, अमेरिकी दूतावास विद्यार्थ्यांच्या हाती पडला. मधल्या काळात, 1978 मध्ये, याच तारखेला तेहरान विद्यापीठात विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. विद्यार्थ्यांच्या लेखी तो दिवस आधीपासूनच धगधगता होता.

दूतावास म्हणजे तरी काय? उंच भिंत, झेंडा, दारात थोडे मरीन सैनिक. पाचशे माणसं जमली तर अर्ध्या दिवसात आत शिरतील. तो उभा असतो तो यजमान देशाच्या शब्दावर. 1961 च्या व्हिएन्ना कराराने हा शब्द कागदावर आणला. दूतावासाचं आवार अनुल्लंघनीय, राजदूताच्या अंगाला हात लावायचा नाही, आणि बाहेरून कोणी चाल करून आलं तर संरक्षण यजमानाने द्यायचं. या करारावर इराणचीही सही होती आणि अमेरिकेचीही. फेब्रुवारी 1979 मध्ये, शाहची सत्ता उलथून खोमेनींना नेतेपदी आणणाऱ्या क्रांतीच्या ऐन धुमाळीत, याच दूतावासावर सशस्त्र टोळक्याने ताबा मिळवला होता. तेव्हा क्रांती सरकारच्याच माणसांनी, इब्राहिम यझदींनी पुढाकार घेऊन, तो काही तासांत सोडवला. म्हणजे शब्द पाळता येत नव्हता असं नाही.

नोव्हेंबरमध्ये चित्र पालटलं होतं. कॅन्सरने खंगलेल्या शाहला उपचारांसाठी अमेरिकेत घ्यावं की नाही, यावर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी बरेच महिने चालढकल केली आणि अखेर 22 ऑक्टोबरला शाह न्यूयॉर्कमध्ये दाखल झाला. तेहरानमध्ये याचा अर्थ एकच लावला गेला. 1953 ची पुनरावृत्ती. तेव्हा लोकांनी निवडलेल्या मोसाद्दिक सरकारला अमेरिकी आणि ब्रिटिश गुप्तहेर खात्यांनी उलथवलं होतं, पळून गेलेल्या शाहला परत गादीवर बसवलं होतं, आणि त्या बंडाची सूत्रं तेहरानमधल्या अमेरिकी दूतावासातूनही हलली होती. अमेरिकी गुप्तहेर खात्याने स्वतःचा हात अधिकृतपणे कबूल केला तो थेट 2013 मध्ये. पण इराणी माणसाला ते सांगायला कोणा कागदपत्रांची गरज नव्हती.

मला इथे दोन्ही बाजूंचा राग येतो, आणि तो सारखा नाही. ज्यांनी राजनैतिक संरक्षणाआड बसून दुसऱ्याचं सरकार पाडलं, त्यांनी त्या संरक्षणाची किंमत आधीच घालवली होती. हे एकदा मान्य केलं, की पुढचा प्रश्न उरतो: मग उपाय काय? तो व्हिएन्ना करारातच होता. राजदूत नकोसा झाला तर कारण न देता त्याला हाकला, दूतावास बंद करा, संबंध तोडा. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 24 मे 1980 च्या निकालात नेमकं हेच बजावलं. इराण त्या खटल्यात हजरच झाला नाही. त्याने पत्र धाडून एवढंच कळवलं की ओलिसांचं प्रकरण हे गेल्या पंचवीस वर्षांच्या अमेरिकी ढवळाढवळीच्या मोठ्या प्रश्नातला एक किरकोळ भाग आहे. न्यायालयाने उलट विचारल्यासारखं केलं: हाकलून देण्याचा साधा मार्ग हातात असताना तुम्ही तो का वापरला नाही?

का वापरला नाही, याचं उत्तर निकालपत्रात नाही, ते तेहरानच्या राजकारणात आहे. राजदूतांना हाकललं असतं तर गोष्ट दोन दिवसांत संपली असती. विद्यार्थ्यांनाही सुरुवातीला थोड्याच दिवसांचं ठाण मांडायचं होतं. पण दूतावासाबाहेर गर्दी जमली, घोषणा घुमल्या, आणि खोमेनींनी पाठीवर हात ठेवला. दोन दिवसांत पंतप्रधान मेहदी बाझारगान यांचं सरकार कोसळलं. हे बाझारगान क्रांतीचे, पण मवाळ. 1 नोव्हेंबरला त्यांनी अल्जीयर्समध्ये कार्टर यांचे सुरक्षा सल्लागार ब्रेझिन्स्की यांच्याशी हस्तांदोलन केलं होतं, आणि तो फोटो त्यांना भोवला. ओलीस हे अमेरिकेविरुद्धचं हत्यार होतं, त्याहून जास्त ते घरातल्या मवाळांविरुद्धचं होतं. हाती आलेली दूतावासाची कागदपत्रं यासाठीच कामी आली. यंत्रात घालून पट्ट्या-पट्ट्या केलेले कागदसुद्धा विद्यार्थ्यांनी पट्टीला पट्टी लावून पुन्हा जुळवले. त्यातून कोण अमेरिकनांना भेटला, कोण काय बोलला ते बाहेर काढलं गेलं, आणि एकेकाची कारकीर्द संपवली गेली. राजदूताशी बोलणं हाच गुन्हा ठरला. ज्या देशात परकीय राजदूताशी बोललेला प्रत्येक माणूस हेर ठरतो, त्या देशाला पुढे जगाशी बोलायला माणूस कुठून मिळणार?

न्यायालयाने आणखी एक बारीक फरक दाखवला आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. पहिल्या दिवशीचा हल्ला सरकारने केलेला नव्हता. तिथे सरकारचा दोष संरक्षण न देण्याचा. पण 17 नोव्हेंबरला खोमेनींनी जाहीर केलं की शाहला परत देईपर्यंत दूतावास असाच राहील. तिथपासून ते कृत्य जमावाचं उरलं नाही, राज्याचं झालं. त्याच आदेशाने बायका आणि कृष्णवर्णीय अशा 13 जणांना सोडण्यात आलं. अत्याचार सोसलेल्यांना सोडतो, अत्याचाऱ्यांना नाही, असा त्यामागचा पवित्रा. एकूण 66 ओलिसांमधले 13 गेले, पुढे आजारी पडलेले रिचर्ड क्वीन जुलै 1980 मध्ये सुटले आणि 52 उरले. सहा कर्मचारी पहिल्याच दिवशी निसटून कॅनडाच्या राजनैतिक अधिकाऱ्यांच्या घरी लपले होते. जानेवारी 1980 च्या अखेरीस ते कॅनडाच्या पासपोर्टवर विमानाने बाहेर पडले. कॅनडाचं कौतुक झालं ते योग्यच. पण खोट्या ओळखीचे खरे पासपोर्ट देणं हीसुद्धा राजनैतिक शिष्टाचाराची मोडतोडच होती, हे कुणी फारसं बोललं नाही. आपल्याला आवडलेल्या मोडतोडीला आपण धाडस म्हणतो.

आता अमेरिकेकडे. ओलीस धरणाऱ्याच्या हातातल्या वस्तूचा भाव कोण ठरवतो? बहुतेक वेळा ज्याची वस्तू गेलेली असते तोच. लेंगन यांच्या पत्नी पेनेलोपी यांनी घराच्या अंगणातल्या ओक झाडाला पिवळी रिबीन बांधली, आणि बघता बघता देशभर झाडांना, खांबांना, मोटारींना पिवळ्या रिबिनी लागल्या. सीबीएस वाहिनीचे वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइट रोज रात्री बातम्या संपवताना आज कितवा दिवस ते सांगू लागले. एबीसी वाहिनीने रात्री उशिरा या विषयावर रोजचा कार्यक्रम सुरू केला, आणि त्याचाच पुढे कायमचा बातम्यांचा कार्यक्रम झाला. कार्टर यांनी परदेश दौरा रद्द केला, निवडणूक प्रचाराला बाहेर पडायचं टाळलं आणि व्हाइट हाउसमध्ये ठाण मांडलं. पत्नीच्या रिबिनीला कोण नावं ठेवील? पण राष्ट्राध्यक्षाने स्वतःला कोंडून घेतल्यावर तेहरानला कळलं की आपल्या हाती 52 नाही, 53 ओलीस आहेत. कार्टर भला माणूस होता, आणि त्या भलेपणाचा भाव तेहरानने रोज नव्याने लावला.

कार्टर यांनी एक पाऊल मात्र असं टाकलं की त्याचे पडसाद आजही संपलेले नाहीत. 14 नोव्हेंबर 1979 ला त्यांनी अमेरिकी अधिकारकक्षेतली इराण सरकारची सगळी मालमत्ता गोठवली. सुमारे 12 अब्ज डॉलर. 1977 मध्ये झालेल्या आर्थिक आणीबाणी कायद्याचा हा पहिलाच वापर. निर्बंध म्हटलं की तोवर बहुधा व्यापार थांबवणं, जहाजं अडवणं डोळ्यांसमोर यायचं. आता बँकेतल्या नोंदीवर बोट ठेवलं की देशाचा हात दगडाखाली सापडतो, हे साऱ्या जगाला कळलं. त्या आदेशाने जाहीर झालेली राष्ट्रीय आणीबाणी दर नोव्हेंबरला नव्याने वाढवली जाते. डेमोक्रॅट येवोत की रिपब्लिकन, त्या कागदावर सही होते. या कायद्याच्या जोरावर पुढे कितीतरी देशांवर जी आर्थिक शस्त्रं चालली, त्यांची पहिली चाचणी या प्रकरणात झाली. ओलीस प्रकरणाचे परिणाम म्हणून लोक कार्टर यांच्या निवडणुकीतल्या पराभवाबद्दल बोलतात. मला हा परिणाम जास्त खोल वाटतो.

ओलिसांना सोडवायला काढलेल्या अमेरिकी लष्करी मोहिमेबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण तिची कहाणी पुष्कळदा सांगून झाली आहे. 24 एप्रिल 1980 च्या रात्री आठ हेलिकॉप्टर निमिट्झ या विमानवाहू जहाजावरून इराणमधल्या तबसजवळच्या वाळवंटाकडे निघाली. एक वाटेतच सोडून द्यावं लागलं, एक धुळीच्या वादळातून परत फिरलं, एक पोहोचल्यावर बिघडलं. पाच उरली, हवी होती सहा. मोहीम रद्द झाली आणि निघताना एक हेलिकॉप्टर मालवाहू विमानावर आदळलं. आठ अमेरिकी सैनिक होरपळून गेले. परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स यांचा मोहिमेला आधीपासून विरोध होता. त्यांनी राजीनामा दिला. मोहीम यशस्वी झाली तरी आपण जातोय, असं त्यांनी आधीच कळवून ठेवलं होतं. असा राजीनामा हल्ली ऐकायला मिळत नाही.

या फसलेल्या मोहिमेनंतर आठवडाही उलटला नव्हता, तोच नियतीने म्हणा किंवा राजकारणाने, इराणला आरसा दाखवला. 30 एप्रिलला लंडनमधल्या इराणी दूतावासात सहा बंदूकधारी घुसले आणि 26 जणांना ओलीस धरलं. ते इराणच्या खुझेस्तान प्रांताच्या स्वायत्ततेसाठी लढणारे अरब होते. आता इराणचे राजनैतिक अधिकारी आत, आणि इराणचं सरकार ब्रिटनकडे आपल्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी डोळे लावून. ब्रिटिश सरकारने सहाव्या दिवशी विशेष कमांडो घातले. दोन ओलिसांचा जीव गेला, पाच हल्लेखोर मारले गेले, बाकीचे ओलीस सुटले. यजमान देशाने शब्द पाळला. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, ही म्हण राजनैतिक संरक्षणाला इतकी चपखल बसेल असं ती रचणाऱ्याच्या मनातही नसेल. काळ तेहरानमध्ये सोकावला आणि लंडनमध्ये येऊन इराणच्याच दारात उभा राहिला.

जुलैमध्ये शाह कैरोत मेला. ज्याच्यासाठी हे सगळं सुरू झालं तोच गेला, आणि ओलीस मात्र राहिले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी इराणची गत झाली. 22 सप्टेंबरला इराकच्या सद्दामच्या फौजा इराणमध्ये घुसल्या. उघड आक्रमण, पण सुरक्षा परिषदेच्या पहिल्या ठरावात इराकला आक्रमक म्हटलं नाही, फौजा मागे घ्या असंही सांगितलं नाही. पंतप्रधान रजाई ऑक्टोबरमध्ये दाद मागायला न्यूयॉर्कला गेले तेव्हा त्यांना सहानुभूती कुठेच सापडली नाही. दुसऱ्यांचे राजदूत कोंडून ठेवणाऱ्याने आंतरराष्ट्रीय कायद्याचं नाव घ्यायचं कुठल्या तोंडाने? इराणने पैसे मोजून घेतलेले लष्करी सुटे भाग अमेरिकेत अडकून पडले होते. त्या युद्धात किती इराणी पोरं गेली याचा हिशेब मांडताना, दूतावासाच्या भिंतीवर चढलेल्या त्या सकाळचा वाटा त्यात किती, हा प्रश्न इराणमध्ये फार थोड्यांनी मोठ्याने विचारला.

अखेर मधे पडला तो अल्जीरिया. परराष्ट्रमंत्री मोहम्मद सेद्दिक बेनयाहिया आणि त्यांची माणसं तेहरान, अल्जीयर्स, वॉशिंग्टन अशा येरझारा घालत राहिली. अमेरिकेकडून उपपरराष्ट्रमंत्री वॉरन ख्रिस्तोफर. दोन्ही पक्ष एका खोलीत बसायलाच तयार नव्हते, मग करारावर दोघांच्या सह्या कशा होणार? तोड अशी निघाली की करार दोघांमध्ये झालाच नाही. अल्जीरिया सरकारने आपल्या नावाने घोषणापत्रं काढली आणि दोघांनी, वेगवेगळे, त्यांना मान्यता दिली. पहिल्याच कलमात अमेरिकेने इराणच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ न करण्याची हमी दिली. त्या एका ओळीवर पुढची पंचेचाळीसेक वर्षं दोन्ही बाजू वाद घालत आल्या आहेत.

शेवटची रात्र मात्र बँकवाल्यांची होती. जवळपास 8 अब्ज डॉलर बँक ऑफ इंग्लंडमधल्या अल्जीरियाच्या खात्यात जायचे, मग ओलीस सुटायचे. तेहरानहून आलेल्या टेलेक्समध्ये चुका निघाल्या, त्या दुरुस्त होईपर्यंत तास गेले. विमानं मेहराबाद विमानतळावर तयार. कार्टर ओव्हल ऑफिसात कोचावर डुलक्या काढत बसलेले. 20 जानेवारी 1981 ला दुपारी नवे राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी शपथ घेतली आणि काही मिनिटांतच विमानं सुटली. रेगन यांच्या माणसांनी मुद्दाम सुटका लांबवली, असा आरोप पुढे झाला. अमेरिकी संसदेच्या चौकशांना त्याचा भक्कम पुरावा सापडला नाही. मला तर त्या मिनिटांत खोमेनींच्या गोटाचा एक शेवटचा सूड स्पष्ट दिसतो. त्यासाठी वेगळा कट कशाला हवा?

बेनयाहिया पुढच्याच वर्षी, मे 1982 मध्ये, इराण-इराक युद्ध थांबवायच्या खटपटीत तेहरानकडे विमानाने निघाले असताना सीमेजवळ त्यांचं विमान क्षेपणास्त्राने पाडलं गेलं. त्यांच्या नावाची ओळख किती जणांना आहे?

दोन्ही देशांमधले दावे मिटवायला अल्जीयर्समध्ये ठरलेला लवाद हेगमध्ये बसला. तीन न्यायाधीश इराणचे, तीन अमेरिकेचे, तीन तिसऱ्या देशांचे. तो चार दशकं उलटली तरी मोडीत निघालेला नाही. दोन देशांत राजदूत नाही, पण एकत्र बसायचं न्यायपीठ आहे, ही गंमतच म्हणायची. जानेवारी 2016 मध्ये याच लवादातल्या एका जुन्या दाव्याच्या तडजोडीपोटी 40 कोटी डॉलर किमतीची परकीय चलनाची रोकड विमानाने इराणला गेली, आणि त्याच सुमारास इराणने काही अमेरिकी कैदी सोडले. 2023 मध्ये दक्षिण कोरियातले इराणचे गोठलेले 6 अब्ज डॉलर कतारमध्ये हलवले गेले, पाच अमेरिकी सुटले. मध्यस्थ बदलले, खातं बदललं, रीत अल्जीयर्सचीच. तेहरानमध्ये अमेरिकेचं काम स्वित्झर्लंड बघतं, वॉशिंग्टनमध्ये इराणचं पाकिस्तान. ओलिसांच्या बदल्यात काही देणार नाही, असं म्हणत रेगन आले आणि लेबनॉनमधल्या ओलिसांसाठी त्यांच्याच सरकारने इराणला गुपचूप शस्त्रं विकली. सुटलेल्या 52 जणांना तर अल्जीयर्स कराराने इराणवर दावा लावायचीही मुभा ठेवली नव्हती. त्यांच्यासाठी भरपाई मंजूर झाली 2015 मध्ये, कोंडलेल्या प्रत्येक दिवसामागे 10,000 डॉलरपर्यंत; तोवर त्यातले कित्येक वारले होते.

भिंतीवर चढलेल्यांचं काय झालं? त्यांच्या प्रवक्त्या मासूमेह एब्तेकार पुढे उपराष्ट्राध्यक्ष झाल्या. आखणी करणाऱ्यांतले एक, अब्बास अब्दी, सुधारणावादी पत्रकार झाले. 1998 मध्ये पॅरिसमध्ये ते बॅरी रोझेन यांना भेटले. रोझेन म्हणजे दूतावासातले माध्यम अधिकारी, 444 दिवस कोंडलेल्यांपैकी एक. दोघे एका व्यासपीठावर बसले. माफी अब्दींनी मागितली नाही, पण पुढे बघू, असं दोघेही म्हणाले. चार वर्षांनी, 2002 मध्ये, अब्दींच्या संस्थेने एक जनमत चाचणी प्रसिद्ध केली. सुमारे तीन चतुर्थांश इराणींना अमेरिकेशी बोलणी व्हावीत असं वाटतं, असा तिचा कौल होता. त्यासाठी अब्दींना अटक झाली आणि पुढे तुरुंगवास.